शियात्सूला जाताना जीन्स नको
शियात्सू म्हणजे दाब देऊन करायची जपानी मालिश. तिच्यात तेल नसतं, कपडेही उतरवायचे नसतात. जमिनीवरच्या गादीवर झोपवून अंगठ्याने, तळव्याने, क्वचित कोपराने दाब देतात. जीन्सची जाड शिवण अशा दाबाखाली मांडीत रुतते, म्हणून सैल सुती सलवार किंवा ट्रॅकपँट घाला. पोटावरही दाब येतो, तेव्हा मिसळ हाणून लगेच जाऊ नका; मध्ये 2 तास जाऊ द्या. दाब श्वास सोडताना वाढतो, पाचेक सेकंद टिकतो. गोडसर दुखलं तर ठीक. श्वास अडकला तर ‘जरा कमी करा’ म्हणा. भिडेपोटी सोसलंत तर स्नायू उलट आखडतात. गरोदरपण, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हे आधीच सांगा. पायात रक्ताची गुठळी असेल तर जाऊच नका. उठल्यावर हलकी गरगर वाटू शकते. 10 मिनिटं बसा, मगच कर्वे रस्त्याच्या गर्दीत स्कूटर घाला.