परदेशातल्या लष्करी तळावर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधताय? या चुका टाळा

ओकिनावातला कादेना असो, जर्मनीतला रामस्टाइन असो की कोरियातला कॅम्प हम्फ्रीज, अमेरिकन तळावर ‘सायकॉलॉजिस्ट मिळतच नाही’ म्हणणाऱ्यांचं गणित बहुतेक वेळा विमानात बसण्याआधीच चुकलेलं असतं.

बदलीच्या वेळी कुटुंबाची वैद्यकीय छाननी होते. तिथे मुलाची थेरपी, बायकोचं डिप्रेशन लपवलं जातं; परवानगी नाकारली तर काय, ही धास्ती. पण त्या तळावर तुम्हाला लागणारे उपचार आहेत का, हेच तर त्या छाननीत बघतात. छोट्या तळावर मुलांचा तज्ज्ञ नसेल, तर ते तिथे पोचल्यावर कळून काय उपयोग? औषधांचंही तसंच. ॲडरॉल हे एडीएचडीवरचं (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारावरचं) औषध जपानमध्ये नेता येत नाही, मागून टपालानेही मागवता येत नाही. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून सुटका नाही. पर्यायी औषध निघण्यापूर्वीच ठरवून घ्या.

दुसरी चूक म्हणजे शेजाऱ्याचा सल्ला जसाच्या तसा उचलणं. सेवेतल्या जवानाने आधी तळावरच्या लष्करी क्लिनिकमध्ये जायचं. बाहेर जायचं तर तिथल्या डॉक्टरांचं रेफरल, म्हणजे शिफारसपत्र, हवं. कुटुंबीयांसाठी ट्रायकेअर ओव्हरसीज ही लष्कराची परदेशातली आरोग्य योजना आहे आणि त्याचं काम इंटरनॅशनल एसओएस ही कंपनी बघते. स्वतः कोणीतरी गाठून पैसे भरण्याआधी त्यांना फोन करा. नागरी कर्मचारी आणि कंत्राटदारांना मात्र लष्करी रुग्णालयात जागा शिल्लक असेल तरच वेळ मिळते. म्हणून नोकरी स्वीकारतानाच आपला विमा तिथल्या खाजगी तज्ज्ञाला चालतो का, ते विचारून घ्यावं.

मिलिटरी वनसोर्स या जवान आणि कुटुंबांसाठीच्या सरकारी मदतसेवेचं समुपदेशन फुकट असतं, एका प्रश्नासाठी 12 सत्रांपर्यंत. घरातली भांडणं, बदलीचा ताण यासाठी उत्तम. पण तिथे निदान होत नाही, पीटीएसडीवर (आघातानंतरच्या मानसिक विकारावर) उपचारही नाहीत. त्यावर महिने घालवू नका.

‘साहेबांना कळेल’ ही भीती सगळ्यात जास्त नडते. ती अगदीच निराधार नाही, पण फुगवलेली आहे. जिवाला धोका, इस्पितळात दाखल होणं, मोहिमेवर परिणाम अशा ठरावीक बाबी सोडल्या तर उपचार करणाऱ्याने कमांडरला कळवायचं नाही, असाच नियम आहे. 2021 च्या ब्रँडन कायद्यामुळे ‘मला मानसिक आरोग्य तपासणीसाठी पाठवा’ अशी मागणी जवान ई-6 (सार्जंट स्तराचा एक हुद्दा) किंवा त्यावरच्या वरिष्ठाकडे करू शकतो. कारण सांगावं लागत नाही. आणि चॅप्लेनशी (लष्करातल्या धर्मगुरूशी) केलेलं बोलणं तुमच्या परवानगीशिवाय बाहेर जात नाही.

अमेरिकेतल्या जुन्या थेरपिस्टला व्हिडिओवर चालू ठेवू, हेही गृहीत धरू नका. परवाना राज्यापुरता असतो. तुम्ही देशाबाहेर गेलात की अनेकांना सत्र घेता येत नाही. निघण्यापूर्वी स्पष्ट विचारा.

आत्महत्येचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. सरळ इमर्जन्सी गाठा, किंवा तळावरच्या डीएसएन (लष्कराच्या अंतर्गत जाळ्यातल्या) फोनवरून 988 ही संकटकालीन हेल्पलाइन लावा.