‘मग आईला शनिवारी मारते’ आणि दिवाळी अंकाच्या संपादकांशी कसं वागावं

दरवर्षी मे-जून आला की कुणीतरी विचारतंच, कथा लिहून ठेवलीये, दिवाळी अंकाला कशी पाठवायची, ओळख लागते का. ओळख लागत नाही. निदान मला तरी लागली नाही, मी नाशिकला एका ऑफिसात अकाउंट्स बघते, घरात साहित्याशी संबंध म्हणजे पेपरातलं शब्दकोडं, आणि तरी पहिल्या तीन वर्षांत चार कथा छापून आल्या. सात नाही आल्या. त्या अकरांमधून जे कळलं ते सांगते.

आधी टायमिंग. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात म्हणून मी पहिली कथा गणपती बसल्यावर पाठवली होती, म्हणजे विचार करा. तोवर बहुतेक अंकांची पानं लागलेली असतात आणि संपादक जाहिराती नि प्रेस यांच्या मागे धावत असतो, तुमची मेल उघडणार कोण. मे ते जुलै हा पाठवायचा काळ. ज्या अंकाला पाठवायचंय त्याचे जुने दोन अंक लायब्ररीत बसून चाळा, मी विनोदी अंकाला मर्तिकाची कथा पाठवलीये, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

फाइल युनिकोडमध्ये द्या, वर्ड आणि सोबत पीडीएफ. पीडीएफ का, तर बऱ्याच ठिकाणी मजकूर अजून श्रीलिपी नाहीतर आयएसएम या जुन्या सॉफ्टवेअरच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट होतो आणि त्यात रफार पळतात, ‘सर्व’चं ‘सवर्’ होतं, ‘गर्दी’चं ‘गदीर्’. मूळ कसं होतं हे बघायला त्यांच्याकडे काहीतरी पाहिजे ना. नाव, पत्ता, फोन मेलमध्ये लिहिलाय म्हणून सोडू नका, कथेच्या पहिल्या पानावरही टाका, कारण प्रिंट काढली की मेल एकीकडे आणि कागद दुसरीकडे. व्हॉट्सॲपवर आख्खी कथा पेस्ट करू नका प्लीज. आणि मेल चार ओळींची पुरे, कथा किती हृदयस्पर्शी आहे ते त्यांना वाचून कळेल.

मग वाट बघणं. पूर्वी ‘साभार परत’ तरी यायचं, पाकिटात तिकिटं घालून पाठवायची पद्धत होती, आता नुसती शांतता. मी सहा आठवडे थांबते, मग एक मेल, मग दोन आठवड्यांनी ‘कथा मागे घेत आहे’ अशी दुसरी मेल, आणि त्यानंतरच दुसरीकडे पाठवते. कारण एकदा एकच कथा दोन ठिकाणी पाठवली आणि दोन्हीकडे घेतली. एका संपादकांना फोन करून सांगावं लागलं. ते चिडले नाहीत, ‘बरं’ म्हणाले, आणि त्यानंतर आजतागायत त्यांच्याकडून माझ्या मेलला उत्तर नाही.

आता खरी गोष्ट, म्हणजे संपादकाचा फोन. मला पहिला आला तेव्हा मी धुळ्याच्या एसटीत होते, चांदवडच्या आसपास, रेंज येत-जात होती. वयस्कर आवाज. म्हणाले, कथा चांगली आहे पण तुमच्या नायकाची आई मंगळवारी गेली ना, मग तेरावं गुरुवारी कसं? मी बोटांवर मोजलं, मंगळवार एक, पुढचा मंगळवार आठ, तेरावा दिवस रविवार. आणि माझी अख्खी कथा गुरुवारच्या आठवडी बाजारावर उभी होती, तेराव्याच्या दिवशी बाजार भरलेला असतो आणि मुलगा पिशवी घेऊन त्यातून जातो, तेच तर कथेत होतं. म्हटलं, सर, बाजार नाही हलवता येणार. ते गप्प. मग मी उलटं मोजलं आणि जरा मोठ्याने बोलले, कारण रेंज नव्हती, ‘मग आईला शनिवारी मारते ना सर, मंगळवारी नको!’ शेजारच्या काकूंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि धुळ्यापर्यंत माझ्याकडे बघितलं नाही.

पण गंमत पुढेच आहे. मुलगा बँकेत होता, कामात होता म्हणून आईजवळ पोचला नाही असं मी लिहिलेलं. शनिवार केला तर कुठला शनिवार? बँकांना २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. मी दुसरा शनिवार घेतला. म्हणजे तो घरीच होता, मॅच बघत होता, आणि तरी गेला नाही. एक वार बदलला आणि बिचारा मुलगा बिचारा उरलाच नाही, कथा त्यानंतर खरी झाली. संपादकांनी यातलं काहीच सुचवलं नव्हतं, त्यांनी फक्त दिवस मोजले होते.

हे आपल्याकडे नवीन नाहीये. ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक १९०९ चा, काशिनाथ रघुनाथ मित्रांनी काढलेला, तेव्हापासून कथा लिहिणारे आणि संपादक यांचा हा संसार चालू आहे. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक राम पटवर्धन कथेवर लेखकाशी पत्रांतून चर्चा करायचे, त्यातून कथा पुन्हा पुन्हा लिहिल्या जायच्या. आणि त्याच सत्यकथेची १९६९ मध्ये लिटल मॅगझिनवाल्यांनी, म्हणजे प्रस्थापित मासिकांना विरोध म्हणून स्वतःची छोटी नियतकालिकं काढणाऱ्या लेखकांनी, होळीही केली. तेव्हा नकार आल्यावर तुम्हाला फेसबुकवर जे लिहावंसं वाटतं ना, ती परंपरा जुनी आहे. तरी लिहू नका.

फोन आला की मी आता वहीत त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते आणि त्या दिवशी हो-नाही काहीच म्हणत नाही, ‘दोन दिवसांत कळवते’ एवढंच. सगळं मान्य करायचं असंही नाही हं. एका कथेत माझी पात्रं अहिराणी बोलतात, प्रूफमध्ये बघते तर ‘काय करी राह्यना’चं ‘काय करतोयस’ झालेलं. मी लिहिलं की निवेदनात हवं ते बदला, संवाद राहू द्या, तो माणूस धुळ्याचा आहे, पुण्याचा नाही. राहू दिले. भांडण बिंडण काही नाही.

भांडावंसं वाटलं ते दुसऱ्या एका ठिकाणी. प्रूफ आलंच नाही, अंक हातात आला तर शेवटचा परिच्छेद गायब आणि तिथे अर्ध्या पानाची फर्निचरची जाहिरात. कथा मध्येच थांबलेली, आणि दोन वाचकांनी ‘शेवट काय सूचक केलाय’ म्हणून कळवलं, त्यांना काय सांगणार. तेव्हापासून स्वीकृती आली की उत्तरात एक ओळ टाकतेच, ‘मजकुरात काही बदल किंवा काटछाट करायची असल्यास छपाईआधी कृपया कळवावे.’ कुणीही रागावलेलं नाही अजून.

मानधन पण त्याच मेलमध्ये विचारा, लाजू नका. काही देतात, काही नुसती अंकाची प्रत देतात, काही दोन्ही विसरतात. तुळशीचं लग्न उरकलं की मी आठवण करते. आणि सही करायला कागद आला तर ‘सर्व हक्क’ असे शब्द आहेत का बघा, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, म्हणजे तुम्ही सही केली नाही तर कथा तुमचीच, उद्या संग्रहात घेता येते.

प्रत आली की आधी फोटो काढाल, मग पुन्हा वाचाल. वाचताना पेन्सिल घेऊन बसा आणि छपाईच्या चुका त्याच प्रतीत दुरुस्त करून ठेवा, संग्रहाच्या वेळी तीच लागते. माझ्या त्या मर्तिकाच्या कथेत सगळे वार बरोबर आले होते, फक्त आईच्या नावातला रफार उडाला होता.