रोवणी आटोपली की सांतोरिनी

ग्रीसच्या बेटांवर जायचा महिना धानाच्या बांधीकडे बघून ठरवा. आमच्या भंडारा जिल्ह्यात रोवणी-निंदण आटोपलं की हलका धान कापणीला येईपर्यंत जराशी उसंत मिळते. तिकडेही सप्टेंबरच्या मध्यापासून गर्दी ओसरते, खोल्यांचे भाव उतरतात, आणि समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो. पितृपक्ष आडवा आला तर सासूबाईंची समजूत तुमची तुम्ही काढा.

जुलै-ऑगस्टात एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. जोर वाढला की बोटी बंदरातच थांबवतात. सप्टेंबरात तो नरमतो, पण त्याचा भरवसा नाही. म्हणून बेत शेवटाकडून आखा. आधी परतीच्या विमानाची तारीख पक्की करा आणि आदली रात्र अथेन्समध्येच काढा. सकाळी बोट, संध्याकाळी विमान असा बेत एखाद्या एजंटानं आखून दिला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून सांतोरिनी बेटाला मोठी बोट साधारण आठ तास घेते. जलद बोट पाचेक तासांत पोचवते, पण वाऱ्यात आधी तीच रद्द होते आणि पोटही ढवळून काढते. मोठीच घ्या. अथेन्सच्या विमानतळावरून पिरेयसला एक्स ९६ ही बस रात्रंदिवस असते, मेट्रोही थेट जाते.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून एकच चालतो तो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायच्या आधीच तो निकालात काढा. मोठ्या माणसाची फी ९० युरो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. बोटांचे ठसे स्वतः जाऊन द्यावे लागतात, त्यासाठी मुंबईची एक खेप धरा.

शेतकऱ्याचं घोडं अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून कित्येकांनी रिटर्न कधी भरलेलंच नसतं, आणि व्हिसावाले नेमकं तेच मागतात. सातबारा, आठ-अ, धान खरेदी केंद्राच्या पावत्या आणि धानाच्या पैशाचे चुकारे जमा झाल्याचं बँकेचं स्टेटमेंट जोडा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या. सोबत एक पत्र द्या: पैसा दरमहा येत नाही, हंगामाला येतो, असं स्वच्छ लिहा. अर्जाच्या तोंडावर सोयऱ्याकडून उसनी आणलेली मोठी रक्कम खात्यात टाकू नका, ती लगेच डोळ्यात भरते.

विमान बहुधा आखातातून बदलावं लागतं. नागपूरहून दोह्याचं थेट विमान जुळलं तर मुंबईची धावपळ वाचते. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे बॅग थेट अथेन्सला जाते आणि एक विमान चुकलं तर पुढची सोय कंपनी बघते. गुडघे दुखत असतील तर वाटेकडेची सीट मागा, तासा-दीड तासानं उठून फिरा. सप्टेंबरात वेळेचा फरक अडीच तासांचाच, झोपेचं फार बिघडत नाही.

बॅग भरताना घरातल्या मोठ्यांवर नजर ठेवा. युरोपात बाहेरून दूध-तुपाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि साजूक तूप बाद. संत्रीही कागदपत्रांशिवाय चालत नाहीत. लोणचं मोठ्या बॅगेत, हातातल्या पिशवीत नको. दुबईमार्गे जात असाल तर खसखस असलेला मसाला अजिबात नको, तिथे ती अमली पदार्थांत मोडते. तंबाखू-सुपारीचा खर्रा घरी ठेवायचा. आमच्या ह्यांना हे पटवायला व्हिसापेक्षा जास्त दिवस लागले.

जेवणाची काळजी मात्र करू नका. सांतोरिनीत फावा मागा. ती आपल्या लाखोरीच्याच कुळातल्या डाळीची असते, घट्ट घोटलेली, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. चवीला फिकी लागते, तेवढी तिखटाची पुडी मात्र सोबत न्या.