व्हॅल्युएशन रिपोर्टमधलं "उत्तम", "चांगलं", "प्रशस्त" कसं काढायचं

बँकेसाठी घराची किंमत ठरवून जो रिपोर्ट द्यायचा, तशा गुहागर तालुक्यातल्या एका घराच्या रिपोर्टात मी लिहिलं होतं, "समुद्राजवळ, उत्तम लोकेशन". बँकेतून फोन आला, उत्तम म्हणजे नेमकं काय? मला पटकन सांगता येईना. किनारा सरळ रेषेत 2 किलोमीटर, रस्त्याने 5, आणि शेवटी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरून चालत जायचं, हे सगळं मी स्वतः बघून आलो होतो पण रिपोर्टात त्यातलं काहीच नव्हतं.

तेव्हापासून रिपोर्ट लिहून झाला की प्रिंट काढतो, प्रत्येक विशेषणाखाली रेघ मारतो आणि विचारतो, कशावरून? जे उत्तर येतं ते लिहायचं आणि विशेषण खोडायचं. उत्तरच नसेल तर अख्खं वाक्य काढायचं, जीव अडकवायचा नाही.

आता "घर जुनं पण मजबूत" हेच घ्या, आपल्याकडे दर दुसऱ्या रिपोर्टात असतं. त्याऐवजी लिहा की भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं, पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून 3 फुटापर्यंत ओल, पडवीचे दोन वासे वाळवीने खाल्लेले, माजघराच्या भिंतींना तडा दिसला नाही. वाचणारा काय ते ठरवेल. "रस्ता चांगला" नको, रुंदी किती, डांबरी की कच्चा, पावसात गाडी दारात येते का ते लिहा. आणि "पाणी मुबलक" लिहायचा मोह तर जुलैत हमखास होतो, विहीर काठोकाठ भरलेली असते ना! मे महिन्यात पाणी किती असतं ते मालकाला विचारा आणि "मालकाने सांगितल्याप्रमाणे" असं स्पष्ट लिहा. हापूसच्या बागेचंही तेच, कलमं मोजा, उत्पन्न मालकाच्या तोंडचं असेल तर तसं म्हणा.

सगळ्यात जास्त जपायचं ते वस्तीबद्दल लिहिताना. "सभ्य वस्ती", "चांगल्या लोकांचा एरिया", "मोहल्ल्याला लागून म्हणून मागणी कमी" असलं काही रिपोर्टात येताच कामा नये, शेजारी कोण राहतं यावरून घराची किंमत सांगणं हे मूल्यांकन नाहीच, तो पूर्वग्रह झाला. अमेरिकेत फॅनी मे ही गृहकर्जातली मोठी संस्था "चांगली वस्ती", "वाईट वस्ती" अशा निराधार शेऱ्यांना अस्वीकार्य मानते. आपल्याकडेही डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला, म्हणून कागदावर नवं नाव असेल तर तेच वापरा. बाकी एसटी स्टॉप, शाळा, दवाखाना, बाजार यांची अंतरं द्या, एरिया कसा आहे ते त्यातूनच कळतं.

"सी व्ह्यू" म्हणजे कुठून? गच्चीवरून दिसतो की ओट्यावरून, मधल्या रिकाम्या प्लॉटवर उद्या बांधकाम झालं तर राहील का, ते लिहा. आणि "सीआरझेडची अडचण नाही" (सीआरझेड म्हणजे भरतीरेषेपासून मोजला जाणारा, बांधकामावर निर्बंध असलेला किनाऱ्याचा पट्टा) हे नुसत्या नजरेने कधीच लिहू नका, भरतीरेषा मंजूर नकाशावरून ठरते, मोबाईलवरच्या मॅपवरून नाही. नकाशा बघितला असेल तर कुठला ते सांगा, नसेल बघितला तर तसं सांगा.

"मार्केट तेजीत" म्हणायचं तर जवळपासच्या व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीचे सरकारी उतारे, जोडा, तारीख, क्षेत्र, दर यांच्यासकट. गावात दर गुंठ्याने बोलतात आणि बँकेला चौरस मीटरने लागतो, तर दोन्ही द्या, 1 गुंठा म्हणजे 101.17 चौरस मीटर. तुमचा अंतिम आकडा हे मतच आहे, त्यात लाजायचं काही नाही, फक्त तो कुठल्या व्यवहारांवरून आला आणि रस्ता, आकार, उतार यासाठी किती कमीजास्त केलं ते दिसलं पाहिजे.

फोटोखालच्या ओळी शेवटी बघा, तिथे हमखास राहून जातं. "अस्वच्छ स्वयंपाकघर" नको, "स्वयंपाकघर, चुलीच्या धुराने काळवंडलेली भिंत" एवढं पुरे.