मे महिन्यातील कोकण मुक्कामासाठी गाव निवडताना

लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर रोज नव्या गावी सामान हलवण्यापेक्षा एकाच ठिकाणी मुक्काम करावा, आणि त्यासाठी गुहागर मला सर्वांत योग्य वाटते. चिपळूण स्थानकापासून हे गाव रस्त्याने साधारण ४५ किलोमीटर आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या थेट किनाऱ्याला भिडलेल्या असल्यामुळे, घरगुती निवास वाडीतच घेतल्यास सकाळी व संध्याकाळी पायीच समुद्रावर जाता येते आणि दुपारच्या उन्हात सावलीत विसावता येते. मे महिन्यात ही सावलीच सर्वांत महत्त्वाची असते. व्याडेश्वराचे मंदिर गावातच आहे. वेळणेश्वर आणि हेदवी ही जवळची गावे एका दिवसात निवांत पाहून होतात, तर धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून गाडीसह पलीकडच्या दाभोळला जाता येते, जे मुलांना हमखास आवडते.

खोली ठरवण्यापूर्वी वीज गेल्यास पंखे चालतात का आणि विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी असते का, हे यजमानांना स्पष्टपणे विचारावे. किनारा शांत दिसला तरी पाण्यात उतरण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा स्थानिकांकडून समजून घ्याव्यात आणि ओहोटी लागलेली असताना मुलांना खोल पाण्यात मुळीच जाऊ देऊ नये.