ओकचा ओटा : तेल खालूनही लावा
स्कँडिनेव्हियन धाटणीच्या स्वयंपाकघरात पांढरी कपाटं आणि फिकट भिंती सहज जमतात. खरी कसोटी ओक लाकडाच्या ओट्याची. बसवण्याआधी फळीला वरून, खालून आणि कडांना जवसाच्या तेलापासून केलेल्या वूड ऑइलचे 3 पातळ हात द्या. फक्त वरून तेल लावलं, तर खालची बाजू दमट हवा शोषते आणि फळी वाकते. प्रत्येक हातानंतर 15-20 मिनिटांनी न मुरलेलं तेल पुसून काढा, नाहीतर ओटा चिकट राहतो. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. सिंकसाठी कापलेल्या कडांना आणखी 2 हात हवेतच. लाकडाच्या आडव्या कापलेल्या रेषांतून पाणी सर्वांत लवकर शिरतं.

फळी कपाटाला घट्ट जखडू नका. लांबट भोकांच्या पट्ट्यांवर बसवा, कारण ती रुंदीत फुगते-आक्रसते आणि अडकली की तडकते.

ओल्या ओकवर बिडाचा तवा राहिला, तर लाकडातल्या टॅनिन या द्रव्याची लोखंडाशी क्रिया होऊन काळा डाग पडतो. तो ऑक्झॅलिक आम्लाने निघतो, पण हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने पुसून घ्या.

तेलाची फडकी बोळा करून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर पसरून वाळवा.