इक्विटी रिसर्चमध्ये यायचंय? आधी या चुका टाळा

इक्विटी रिसर्च म्हणजे कंपनीचे आकडे तपासून तिचा शेअर घ्यावा की नाही ते सांगण्याचं काम. त्यात यायला गोव्यातली, फोंडा, डिचोली, म्हापशाची मुलं मला एक्सेलच्या फायली पाठवतात. "सर, मॉडेल केलंय, मुंबईत कुठे लागता येईल का बघा." मॉडेल म्हणजे कंपनीच्या पुढच्या वर्षांच्या विक्री-नफ्याचा एक्सेलमधला अंदाज. मुलं हुशार असतात, रात्री जागून काम केलेलं दिसतं. पण बहुतेक फायलींत एकच चूक सापडते. ती मला लगेच ओळखू येते, कारण कधीकाळी मीही ती केली आहे.

सेलचा कोपरा धरून ओढणे

विक्रीच्या ओळीत मागच्या पाच वर्षांची सरासरी वाढ काढायची, सेलचा कोपरा धरायचा आणि उजवीकडे ओढायचा. झाली पुढची पाच वर्षं तयार.

२०१२ साली मी मुंबईत एका ब्रोकरेजमध्ये ज्युनियर होतो. गोव्यात लोहखनिजाच्या खाणी असलेली एक कंपनी माझ्याकडे होती. गोव्याचा मुलगा म्हणून ती मुद्दाम मला दिली होती. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या. पावसात खाणी तशाही बंदच असतात, ऑक्टोबरात हंगाम सुरू होईल, असं धरून मी टनांचे आकडे तसेच ठेवले आणि 'बाय' रेटिंगचा रिपोर्ट पुढे पाठवला.

१९ तारखेला चतुर्थी होती. घरी आलो. खनिज वाहणारे काकांचे दोन ट्रक अंगणाशेजारी उभे होते. दरवर्षी चतुर्थीच्या आधी त्यांना नवे टायर लागतात, इंजिनाचं काम होतं. त्या वर्षी ताडपत्रीसुद्धा काढलेली नव्हती. मी विचारलं तर काका म्हणाले, "अरे, खाणींच्या लीजांची, भाडेपट्ट्यांची, मुदत २००७ लाच संपली. कागद कोणाकडे आहेत? कशाच्या जोरावर टायर घालू?" ही गोष्ट आमच्या तालुक्यात चहाच्या टपरीवर लोक बोलत होते. चाळीस पानांच्या माझ्या रिपोर्टात 'लीज' हा शब्द दोनदा आला होता, दोन्ही वेळा खाणीच्या क्षेत्रफळासाठी.

परत जाऊन आकडे बदलायला घेतले. ते पुरे व्हायच्या आत, ५ ऑक्टोबरला, सुप्रीम कोर्टाने उत्खनन आणि वाहतूक दोन्ही थांबवली. २०१४ मध्ये बंदी उठली तेव्हा वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली गेली, आणि २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरण कोर्टाने रद्द केल्यावर सगळं पुन्हा ठप्प झालं. यातलं काहीही सेलचा कोपरा ओढून दिसलं नसतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. वाढीचा आकडा टाकला की शेजारच्या सेलमध्ये तो कशाच्या जोरावर टाकला ते एका वाक्यात लिहितो: परवाना कधीपर्यंत आहे, कारखान्याची क्षमता किती, माल घेणारा कोण. वाक्य सुचलं नाही तर आकडा पुसतो. आणि वार्षिक अहवाल शेवटाकडून वाचतो. आधी ऑडिटरचा शेरा, मग टिपा, संबंधित पक्षांचे व्यवहार, संभाव्य देणी, कॅश फ्लो. अध्यक्षांचं पत्र सगळ्यात शेवटी. तयार टेम्प्लेट डाउनलोड करून एका संध्याकाळी 'मॉडेल' करणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: पहिल्या कंपनीची दहा वर्षांची आकडेवारी वहीत हाताने उतरवा. आठवडा जातो, जाऊ द्या. ज्या वर्षी नफा वाढला आणि रोकड आटली, तिथे पेन आपोआप थांबतं.

सेल्सला कमी लेखणे

त्या रिपोर्टची किंमत माझ्याआधी सेल्स डेस्कवरच्या, म्हणजे आमचे रिपोर्ट मोठ्या गुंतवणूकदारांपर्यंत नेणाऱ्या विभागातल्या, एका सहकारी बाईंनी मोजली. माझ्या शब्दावर त्यांनी सकाळी फंड मॅनेजरना फोन केले होते. कोर्टाचा आदेश आल्यावर उलटे फोन त्यांनाच आले. पुढे वर्षभर माझा कुठलाही रिपोर्ट त्यांनी स्वतःहून पुढे नेला नाही, आणि ते योग्यच होतं.

म्हणून "आकडे जमले नाहीत तर सेल्स आहेच" असं कोणी म्हटलं की मला राग येतो. संस्थात्मक सेल्समध्ये, म्हणजे ग्राहक म्युच्युअल फंडांसारख्या संस्था असतात तिथे, सकाळी ९.१५ ला बाजार उघडायच्या आत चाळीस पानांचा रिपोर्ट दोन वाक्यांत सांगावा लागतो. कोणत्या फंडाकडे कोणता शेअर आधीच आहे, कोणाला कर्जबाजारी कंपन्या चालत नाहीत, हे डोक्यात ठेवावं लागतं. आकडे कळल्याशिवाय यातलं काहीच होत नाही.

आणि पणजीत, मडगावात 'इक्विटी सेल्स' म्हणून ज्या जाहिराती येतात, त्या बहुधा डिमॅट खाती उघडण्याच्या असतात. ते वेगळं काम आहे. मुलाखतीत विचारा: ग्राहक कोण, म्युच्युअल फंड की घरोघरची माणसं? महिन्याचं टार्गेट खात्यांत आहे का?

बाकीच्या, थोडक्यात

एफ अँड ओमधली, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या सौद्यांतली, कमाई बायोडेटात लिहू नका. २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले, असं सेबीचाच, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचाच, अभ्यास सांगतो. समोरच्याला तो आकडा पाठ असतो.

सर्टिफिकेटं गोळा करत बसू नका. रिसर्च अ‍ॅनालिस्टसाठीची एन.आय.एस.एम. या सेबीच्या संस्थेची पंधरावी सिरीज, म्हणजे परीक्षा, द्या. सी.एफ.ए. या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली लेव्हल दिली तर उत्तम. पण स्वतः लिहिलेला पाच पानांचा एक रिपोर्ट जवळ असू द्या.

गोवा लहान आहे. कोणाचा मामा वेर्ण्याच्या औषध कारखान्यात असतो, कोणाची वहिनी लेखा विभागात. त्यांच्याकडून कळलेली, अजून जाहीर न झालेली आतली बातमी मॉडेलमध्ये घालणं हा 'फील्डवर्क' नव्हे, इनसायडर ट्रेडिंगचा गुन्हा आहे. काकांचे ट्रक रस्त्यावरून कोणालाही दिसत होते. मामाच्या टेबलावरचा कागद दिसत नाही. शिवाय ज्या कंपनीवर रिपोर्ट लिहिता, तिच्या शेअरमध्ये रिपोर्टच्या आधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस स्वतः व्यवहार करता येत नाही. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे जेवताना टिप मागणार नाहीत.

आणि सुट्ट्यांचं. तिमाही निकाल ४५ दिवसांत लावावे लागतात. जूनचे निकाल १४ ऑगस्टपर्यंत आटोपतात, त्यामुळे चतुर्थीला बहुधा घरी येता येतं. सप्टेंबरचे १४ नोव्हेंबरपर्यंत चालतात. तेव्हा दिवाळीत नरकासुर जाळायला वाड्यावर नक्की येईन, असा शब्द कोणाला देऊ नका.